ब्रेक पूर्ण दाबण्याची जागा

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि वर्धा जिल्ह्याच्या शिवारातून ताशी 150 किलोमीटर वेगाच्या हिशेबाने आखलेला रस्ता निघाला. मोटारीला मुभा आहे ती 120 ची. येळाकेळीला गाडी वर चढवली की ना चौक, ना गतिरोधक, ना बैलबंडी, ना समोरून अंगावर येणारा ट्रक. ज्याने वर्षानुवर्षे आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या रस्त्यावर साठ-सत्तरने गाडी चालवली, तो काही मिनिटांत 120 वर पोचलेला असतो, आणि रुंद, सरळ रस्त्यावर ते त्याला जाणवतही नाही. त्याला लायसन्स मिळाले ते आकडा काढणे, गाडी मागे घेणे आणि चढावर ती न घसरू देता उचलणे एवढ्या परीक्षेवर. वेगाचा रस्ता दारात आला, पण वेग शिकण्याची सोय आली नाही. मोटारशौकिनांच्या जगात ज्याला ट्रॅक डे म्हणतात, त्याचा विचार वर्ध्यासारख्या जिल्ह्याने गंभीरपणे करावा असे मला वाटते ते याच उणिवेमुळे.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅकवर सामान्य माणसाने स्वतःची, रोजच्या वापरातली गाडी घेऊन जायचे आणि नियमांच्या चौकटीत ती वेगाने चालवून पाहायची. सुरुवात वेगाने होतच नाही. आधी गाडीची तपासणी होते: चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी पक्की बसली आहे का, ब्रेक पॅड किती उरले आहेत. पायाखालचे मॅट काढायला लावतात, सीटखालची पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर काढतात, कारण जोराचा ब्रेक लागला की तीच बाटली घरंगळत पेडलखाली येऊन बसते. मग झेंड्यांचे अर्थ सांगतात: पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सत्र थांबले. हेल्मेट सक्तीचे. सहसा ओव्हरटेक ठरलेल्या सरळ पट्ट्यावरच, तोही पुढच्या गाडीने हात दाखवून वाट दिल्यावरच. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवायची, मग विश्रांती. आपल्या रस्त्यांवर ज्या शिस्तीची आपण निव्वळ अपेक्षा करतो, ती इथे प्रवेशाची अट असते.

आणि मग पहिले वळण येते. नवखा चालक इथे एकच चूक करतो, ब्रेक हळूहळू, जपून, उशिरापर्यंत दाबत राहतो. शेजारी बसलेला प्रशिक्षक त्याला सांगतो की गाडी सरळ आहे तोवरच पूर्ण जोराने दाब, वळणात शिरायच्या आत सोड, आणि नजर बॉनेटवर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेव. तो दाबतो. पायाखाली पेडल थरथरते, खालून कर्र-कर्र आवाज येतो, आणि घाबरून तो पाय उचलतो. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे, पण ते काम करू लागले की पायाला काय जाणवते हे बहुतेकांनी कधीच अनुभवलेले नसते. ती थरथर म्हणजे बिघाड नसून गाडी आपले काम करते आहे, पाय उचलायचा नाही, आणि चाके जाम होत नसल्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकते, या तीन गोष्टी हजार वेळा वाचून पायाच्या अंगवळणी पडत नाहीत. सेलूकडून बोरच्या जंगलाकडे जाताना रात्री अचानक रोही आडवा आला, तर हाताशी असतो तो एक-दीड सेकंद. तेवढ्यात वाचलेले आठवत नाही. सवय असेल तेवढीच कामी येते.

याच ठिकाणी साधे गणित शरीराला कळते. वेग दुप्पट झाला की थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, ब्रेक लागल्यापासून अंदाजे 18 मीटरमध्ये थांबते. 120 ला तेच अंतर 70 मीटरच्या आसपास जाते. त्याआधी मेंदूने पाहून पायाने हलायला एक सेकंद घेतला, तर त्या सेकंदात आणखी 33 मीटर गेलेले असतात. म्हणजे शंभर मीटरच्या वर, क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडाव्यात तेवढे. डिपरवर लावलेल्या दिव्याचा उजेड याच्या निम्म्यापर्यंत जेमतेम पोचतो. ट्रॅकवर हे अंतर डोळ्यांसमोर असते: इथे दाबला, गाडी थांबली ती तिथे. एकदा ते पाहिलेला माणूस पुढच्या ट्रकपासून दहा मीटरवर गाडी चिकटवून चालवेल असे मला वाटत नाही.

गाडीचीही खरी ओळख तिथेच होते. तीन-चार फेऱ्यांनंतर ब्रेकचा करपल्यासारखा वास येतो आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागते. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 दर्जाचे नवे ऑईल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरलेल्या ऑईलसाठी हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. उकळले की नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते, ब्रेक मात्र लागत नाही. ट्रॅकवर असे झाले तर समोर मोकळी माती असते, टायरचे कुंपण असते. चिखलदऱ्याच्या घाटातून भरल्या गाडीने उतरताना तेच झाले तर काय, हे सांगायला नको. टायरचेही तसेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, सिमेंटचा रस्ता तापतो, आणि हवा जास्त झाली की टायर फुटतो या समजुतीने लोक हवा कमी करतात. खरे तर कमी हवेचा टायर जास्त चेपतो, चेपल्याने अधिक तापतो आणि लांबच्या, वेगाच्या प्रवासात तोच आधी दगा देतो. समृद्धीवर परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, हे योग्यच झाले. पण तपासणी नाक्यावर कळलेली गोष्ट आणि स्वतःच्या हाताने सत्राआधी व सत्रानंतर हवेचा दाब मोजून कळलेली गोष्ट यांत फरक आहे.

हा फरक वर्धा जिल्ह्याला परका असू नये. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार देशापुढे मांडला गेला आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याचा आराखडा केला. हाताने केल्याशिवाय डोक्याला खरे कळत नाही, हे त्या विचाराचे मूळ. सूत कातणाऱ्या मुलाला धागा तुटेल हे बोटांना आधी कळते, मग गणितात. वेगाच्या यंत्राशी गांधीविचाराची सांगड घालणे अनेकांना खटकेल, आणि गांधींनी आगगाडीवरही टीका केली होती हे मला ठाऊक आहे. पण यंत्र आता घरोघरी आले आहे. ज्या जमनालाल बजाजांनी गांधींना वर्ध्यात आणले, त्यांच्याच घराण्याने पुढे लाखो भारतीयांच्या हाती स्कूटर दिली. हाती आलेल्या यंत्रावर माणसाचा ताबा कसा राहील हा प्रश्न गांधींच्या चिंतेपासून फार दूर नाही, आणि त्याचे उत्तर पुस्तकी असू शकत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो खरा आहे. माणसाला वेगाने गाडी चालवायला शिकवले तर तो रस्त्यावरही वेगानेच चालवेल. हा केवळ तर्क नाही, पुरावा आहे. नॉर्वेमध्ये 1979 पासून नव्या चालकांना निसरड्या ट्रॅकवरचे प्रशिक्षण सक्तीचे केले. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तरुण पुरुषांचे अपघात त्यानंतर कमी होण्याऐवजी वाढले. आपल्याला गाडी सावरता येते असे वाटू लागले, की माणूस सावरण्याची वेळ येऊ देतो. ट्रॅक डेचा पुरस्कार करणाऱ्याने हा पुरावा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण पुढची गोष्टही पाहिली पाहिजे. 1996 मध्ये स्वीडनच्या नील्स पेटर ग्रेगर्सेन यांनी नवख्या चालकांचे दोन गट केले. एकाला निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे कौशल्य शिकवले, दुसऱ्याला त्याच रस्त्यावर आपण किती सहज चुकतो हे दाखवून दिले. दोन्ही गटांचे प्रत्यक्ष कौशल्य जवळपास सारखे निघाले, पण पहिल्या गटाला आपण फार चांगले चालवतो असे वाटत होते. म्हणून माझे म्हणणे एवढेच नाही की ट्रॅक हवा. काय शिकवायचे तेही ठरले पाहिजे. लॅपची वेळ मोजायची नाही, घसरलेली गाडी सावरण्याची करामत शिकवायची नाही. थांबायला लागणारे अंतर, तापलेला ब्रेक, उशिरा पाहिलेले वळण, म्हणजे आपले आणि गाडीचे टोक कुठे आहे, ते दाखवायचे. ज्या ट्रॅक डेतून माणूस स्वतःवर खूश होऊन बाहेर पडतो, तो वाया गेला असे मी म्हणेन.

वेगाची हौस दाबून टाकावी असे मात्र मला वाटत नाही, कारण ती दबत नाही. विदर्भाच्या शेतकऱ्याला हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. त्याने बैलजोडी कापसाच्या बंडीला जुंपून जिनिंगच्या रस्त्यावर पळवली नाही. त्यासाठी शंकरपट भरवला: आखलेला पट, ठरलेले अंतर, वेळ मोजणारी माणसे, कडेला थांबलेली गर्दी, आणि जोडीचा स्वभाव ओळखणारा धुरकरी. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी राज्याला त्या अटींसह पुन्हा घेऊ दिल्या आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलांच्या छळाचा प्रश्न गंभीर होता आणि त्यावरच्या अटी हव्यातच. पण वेगाला स्वतंत्र जागा आणि नियम द्यायचे, वाहतुकीच्या रस्त्यावर त्याला येऊ द्यायचे नाही, ही समज आपल्या मातीतली आहे. मोटार आली तेव्हा ती समज आपण मोटारीपर्यंत नेली नाही.

ही श्रीमंतांची चैन आहे, असेही म्हटले जाईल. आजच्या स्थितीत ते बरोबर आहे. देशातले नावाजलेले ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला आहेत. इंदूरजवळ पिथमपूरला 2021 मध्ये खुला झालेला 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक मुळात वाहनांच्या चाचणीसाठी आहे. इतक्या लांब गाडी न्यायची, टायर आणि पॅड झिजवायचे, आणि त्यात खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीतून आयोजित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे नुकसान झाले तर खिशातून भरायचे. जाणाऱ्याने ते कलम आधी वाचावेच. पण वर मांडलेल्या शिक्षणाला पाच किलोमीटरचा ट्रॅक लागत नाही. तीन-चारशे मीटरचा मोकळा, बंद करता येणारा डांबरी पट्टा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, थोडे शंकू, पाण्याचा टँकर, एक रुग्णवाहिका आणि जाणता प्रशिक्षक एवढ्यावर ताशी 60 पर्यंतचे जवळजवळ सगळे धडे होतात. दुसऱ्या महायुद्धातली शोलावरमची धावपट्टी चेन्नईच्या मोटारशौकिनांनी अनेक वर्षे वापरली, इंग्लंडचे सिल्व्हरस्टोनही विमानतळावरच उभे राहिले. मोटार वाहन कायद्याचे कलम 189 सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतींना आणि वेगचाचण्यांना राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय मनाई करते. म्हणूनच असे दिवस हौशी टोळक्यांनी भरवू नयेत, शासनाने परवानगी देऊन, स्वतः उभे राहून भरवावेत.

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. त्याच वर्षीच्या जानेवारीत सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार कोसळून वैद्यकीय शाखेचे सात विद्यार्थी गेले. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटून 25 प्रवासी गेले, त्यांत वर्ध्याचीही माणसे होती. या दोन्ही अपघातांची कारणे वेगवेगळी असतील आणि कोणत्याही प्रशिक्षणाने ते टळलेच असते असा दावा मी करत नाही. परंतु या जिल्ह्यात इंजिनीअरिंगची आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत, परिवहन कार्यालय आहे, नवे लायसन्स घेणारी तरुण मुले दरवर्षी येतात. येत्या हिवाळ्यात, पीक निघाल्यावर, परिवहन कार्यालयाने आणि महाविद्यालयांनी मिळून असा एक दिवस भरवावा. तोवर, ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी निदान गॅरेजमध्ये एवढे विचारावे: आमच्या गाडीचे ब्रेक ऑईल शेवटचे कधी बदलले?