गंगा तलावाच्या काठी

महादेवा, तुझ्या पायाशी बसलोय. हा गंगा तलाव म्हणजे निवलेल्या ज्वालामुखीचं तोंड आणि मी अकोल्याच्या काळ्या वावरातला माणूस. मॉरिशसला आलो आणि पायाखाली ओळखीचाच दगड लागला. इथल्या उसात काळ्या धोंड्यांचे उंच ढीग आहेत. एका धोंड्यावरून हात फिरवला, तर अंगभर बारीक भोकं, लाव्हा निवताना आत अडकलेल्या वायूची. १८३४ नंतर करारावर आलेल्या मजुरांनी हे धोंडे वेचले आणि त्यांत कोकण-साताऱ्याकडची आपली माणसंही होती. त्यांच्या घामाचं पुण्य त्यांच्या नातवंडा-पतवंडांना लाभू दे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या आगीनं दख्खनचा कातळ ओतला, तिनंच पुढे कधी तरी हे बेट समुद्रातून वर काढलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे अकोल्याच्या वरच्या डोंगरांतला आमचा मेळघाट आणि मॉरिशस सख्खी भावंडं. देवा, एका भावंडाचं दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देऊ नको.

डोडो तू फक्त इथेच घडवलास. १५९८ साली डच उतरले. माणसानं आणलेली डुकरं, उंदीर, माकडं त्याच्या अंड्यांवर पडली आणि शंभर वर्षांच्या आत तो संपला. तो आता कोणत्याही प्रार्थनेनं परत येणार नाही. पण इथले केस्ट्रेल ससाणे १९७४ साली रानात अवघे चार उरले होते. माणसांनी अंडी उबवली, पिल्लं वाढवली, रानात सोडली आणि ती वाचली. त्या हातांना तू बळ दिलंस, म्हणून तुझे उपकार.

आता आमच्या रानपिंगळ्याकडे बघ. १८८४ नंतर तो कुणाला दिसलाच नाही, नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या रानात तो पुन्हा सापडला, मग मेळघाटातही. वीतभर पक्षी, भरदिवसा सागाच्या उघड्या फांदीवर बसून सरडे टिपणारा. भारताबाहेर जगात कुठेच नाही. खाली कपाशी, तूर, सोयाबीन आणि वर हे रान; आमचा मेळघाटही बेटच आहे. डोडोला जायला दुसरी जागा नव्हती, यालाही नाही.

म्हणून मागणं एवढंच. मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत मेळघाटातल्या सेमाडोह-कोलकासकडे वणवा पेटू देऊ नको. ढोलीची जुनी झाडं कुऱ्हाडीपासून राख. रात्री-बेरात्री पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला सुखरूप घरी पोचव. वाघासाठी गाव सोडून अकोटकडे उतरलेल्या कोरकू कुटुंबांना कसदार जमीन, पाणी आणि मान मिळू दे. रान वाचलं त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. आणि आम्हा खालच्या गावा-शहरांतल्या माणसांना ही लाज दे, की रानपिंगळा आमच्या डोळ्यांदेखत जाता कामा नये.