चाल कुणाची?

जोडी फुटली की चाहता आधी वाटणीला बसतो. दुःख होतं, रागही येतो, पण त्याआधी हिशेब सुरू होतो. कुठलं गाणं याचं, कुठलं त्याचं? खरं डोकं कुणाचं होतं आणि नुसतं नाव कुणाचं? शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीच्या चाहत्यांचा हा हिशेब अजून मिटलेला नाही. नदीम-श्रवण वेगळे झाल्यावर माझ्या पिढीने तोच मांडला. मला हा हिशेब मुळातच चुकीचा वाटतो.

मराठवाड्यातल्या बिडकीनमध्ये राहणाऱ्याला वाटणी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. नव्या औद्योगिक शहरासाठी या भागातली सुमारे ८ हजार एकर जमीन गेली. मोबदला आला, आणि सातबाऱ्यावर भावाभावांची नावं वर्षानुवर्षं एकाखाली एक होती त्या घरांत मोजण्या, हिस्से, वाटणीपत्रं सुरू झाली. जमीन वाटता येते, बांधावर दगड रोवला की झालं. विहीर वाटता येत नाही. ती सामाईकच राहते. पाणी घ्यायच्या पाळ्या ठरतात, त्या पाळ्यांवरून भांडणंही होतात. पण या बादलीतलं पाणी कुणाच्या बाजूच्या झऱ्याचं, हे कुणालाच सांगता येत नाही. दोघांनी मिळून केलेलं गाणं मला त्या विहिरीसारखं वाटतं.

आमचे काका शंकर-जयकिशनचे भक्त. शंकर मूळ हैदराबादचा, आणि आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे काका त्याला कायम ‘आपल्याकडचा माणूस’ म्हणत. या जोडीचा पहिला चित्रपट ‘बरसात’ १९४९ चा. पुढे १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींच्या आवाजात आपल्या आवडत्या जोडीचं नाव ऐकायला बुधवारी रात्री रेडिओला कान लावणाऱ्यांपैकी काका एक.

शंकर आणि जयकिशन यांचा एक अलिखित करार होता: कुठली चाल कुणाची हे बाहेर सांगायचं नाही. दोघं पुष्कळदा वेगवेगळी गाणी करत, पण नाव मात्र कायम दोघांचं. ‘संगम’च्या वेळी, १९६४ च्या सुमारास, जयकिशनने एका लेखात त्यातल्या प्रेमपत्राच्या गाण्याची चाल आपली असल्याचं लिहून टाकलं. शंकर दुखावला. पुढे शारदा या नव्या गायिकेला पुढे आणण्यावरूनही दोघांत अंतर पडलं. जोडी कागदावर तशीच राहिली, पण आतून दुभंगली.

काकांकडे गाण्यांची एक लांबट वही होती. डावीकडे चित्रपट, मग गाण्याचे पहिले शब्द, गायक, गीतकार. दोघांचं बिनसल्याचं कळल्यावर त्यांनी समासात पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली. शंकरच्या गाण्याला ‘शं’, जयकिशनच्या गाण्याला ‘ज’. चाहत्यांमध्ये एक ठोकताळा होता: गीत शैलेंद्रचं असेल तर चाल शंकरची, हसरतचं असेल तर जयकिशनची. तो पुष्कळदा लागू पडे, पण सगळीकडे नाही. त्यामुळे वहीत कुठे ‘शं’ खोडून ‘ज’ केलेला, कुठे दोन्ही अक्षरं, कुठे नुसतं प्रश्नचिन्ह. ती वही मी पुष्कळदा चाळली आहे. समास कोरा राहिलेली गाणी त्यात बरीच आहेत, आणि काका येताजाता गुणगुणत ती नेमकी तीच.

आणि वाटणी करायचीच तर ती दोघांतच का? या जोडीच्या गाण्यांतला ढोलकचा तो चालता, झुलता ठेका वादकांमध्ये ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. तो त्यांचे सहायक, गोव्याच्या मातीतले दत्ताराम वाडकर यांचा. व्हायोलिनचे ते भरगच्च ताफे ज्यांनी स्वरलिपीत बांधले ते सेबास्टियन डिसोझाही गोव्याचेच. त्यांचे हिस्से कुठल्या समासात लिहायचे? चाल एकाला सुचते हे खरं. पण आपण जे गाणं जिवापाड जपतो ते सुचलेल्या चालीवर थांबलेलं नसतं. दुसऱ्याने मान हलवलेली असते, नाहीतर नाक मुरडलेलं असतं. दुसरा ऐकणार आहे या जाणिवेनेच पहिल्याचा हात बदलतो. हा बदल कुठल्याही श्रेयनामावलीत सापडत नाही.

बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनीनेही पोरवयातच ठरवलं होतं, की गाणं कुणीही लिहो, खाली नाव दोघांचं. ‘यस्टरडे’ सबंध मॅकार्टनीचं, ध्वनिमुद्रणात इतर तिघांपैकी कुणीही नाही, तरी नाव दोघांचंच. १९७० मध्ये बँड फुटला. २००२ मध्ये मॅकार्टनीने आपल्या मैफलींच्या अल्बमवर अशा गाण्यांखाली नावांचा क्रम उलटा केला, आधी स्वतःचं आणि मग लेननचं. लेनन तेव्हा हयात नव्हता. त्याची पत्नी योको ओनो हिने हरकत घेतली. मॅकार्टनी एवढा मोठा कलावंत, पण या जागी मी त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

माझी स्वतःची जोडी नदीम-श्रवण. १९९० मध्ये ‘आशिकी’ आला तेव्हा पैठण रोडवर धावणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये दुसरं काही वाजतच नव्हतं. मग ‘साजन’, ‘दीवाना’, ‘राजा हिंदुस्तानी’. नवी कॅसेट घ्यायला पैसे नसले की कोरी नेऊन भरून घ्यायची. या गाण्यांना पुष्कळांनी नावं ठेवली, सगळी एकाच साच्याची म्हणाले. मला त्या साच्यात आजही करमतं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ‘परदेस’ लागला आणि त्याच आठवड्यात कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांचा खून झाला. खटल्यात नदीमचं नाव आलं, त्याने आरोप कायम नाकारला. तो लंडनमध्येच राहिला आणि तिथल्या न्यायालयाने त्याला भारताच्या ताब्यात द्यायला नकार दिला. श्रवण मुंबईत, नदीम लंडनमध्ये, तरी ‘धडकन’ आणि ‘राज’ झाले. मला या दोन चित्रपटांचं अप्रूप ‘आशिकी’हून जास्त आहे. २००५ मध्ये मात्र दोघं वेगळे झाले.

तेव्हा कळलं की जोडी फुटल्यावर चाहत्याचं जातं ते पुढचं गाणं. जुनी कुठे जात नाहीत, ती कॅसेटमध्ये असतात. पण आता काय नवं येईल, ही जी आशा महिनोन्महिने मनात वस्तीला असते, ती उठून जाते. मग माणूस त्या रिकाम्या जागी दोषी शोधायला लागतो. आम्ही मित्रांनीही शोधला, दोन तट पडले, बोलाचालीही झाल्या. दोघं पुन्हा एकत्र येतील असं बोललं जाई तेव्हा हे तट विरघळत. २२ एप्रिल २०२१ ला कोरोनाने श्रवण गेला. आता कुणाची बाजू घ्यायची आणि कशासाठी?

अशा वेळी मला शंकर आठवतो. १२ सप्टेंबर १९७१ ला जयकिशन गेला. ‘बरसात’पासून या जोडीला घेत आलेल्या राज कपूरने ‘बॉबी’साठी लक्ष्मीकांत-प्यारेलालना घेतलं. १९७५ चा ‘संन्यासी’ सोडला तर शंकरच्या हाती मोठं यश फारसं लागलं नाही. तरी १९८७ मध्ये डोळे मिटेपर्यंत तो पडद्यावर ‘शंकर-जयकिशन’ हेच नाव लावत राहिला. गेलेल्या माणसाच्या पुण्याईवर कामं मिळवतो, असं लोक म्हणाले. मला तसं वाटत नाही. ज्याच्याशी इतकं बिनसलं होतं, त्याचं नाव गाळून शंकर एकट्याचं नाव लावायला मोकळा होता. त्याने ते केलं नाही.

काकांच्या वहीत त्या काळातली, न चाललेल्या चित्रपटांचीही गाणी आहेत आणि त्यांच्यावर दोघांचंच नाव आहे. मी त्यांना एकदा म्हटलं, “काका, यात तर जयकिशन नाहीच. मग नाव दोघांचं कशाला लिहिलंत?”

“त्याने लावलंय ना?” काका म्हणाले. “मग आपण कोण काढणारे?”