डाव मांडण्याआधी

एकाच खेळाच्या दोन नियमावल्या चलनात असल्या, की डाव मांडताना त्यांची सरमिसळ होतेच. लातूरला शिकवणीसाठी नांदेड, परभणी, बीड, सोलापूरकडून आलेली मुले वसतिगृहाच्या खोलीत मेंढीकोटाची पाने वाटतात, तेव्हा प्रत्येकाने तो खेळ आपापल्या घरी शिकलेला असतो. एकाच्या घरी बंद हुकूम असतो: एक पान पालथे ठेवायचे आणि कोणाकडे उतारीचा रंग नसला की ते उघडायचे. दुसऱ्याच्या घरी कट हुकूम असतो: रंग नसलेला पहिला भिडू जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण बंद हुकमात एकाला हुकूम आधीपासून ठाऊक असतो, कट हुकमात कोणालाच नसतो. दश्शी कधी काढायची आणि कोणते पान राखून ठेवायचे, हे सगळे त्यावर ठरते. म्हणून वाद पाने वाटताना होत नाही; अर्धे हात झाल्यावर होतो.

सरमिसळ मुळात वाईट नाही. बहुतेक खेळ तिच्यातूनच घडत आले आहेत. अडचण असते ती नियम सुटा समजण्यात. बरेचसे नियम दुसऱ्या एखाद्या नियमाने उघडलेली वाट बंद करण्यासाठी किंवा त्याने आणलेली अडचण सोडवण्यासाठी आलेले असतात. त्यांतला एक उचलला आणि त्याचा जोडीदार मागे राहिला, की तोल जातो.

बुद्धिबळात हे फार स्पष्ट दिसते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्याची उडी घेता येते. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे, प्रांतानुसार थोड्याफार फरकाने, त्या घराचे मोहरे होते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्यादे पहिल्यांदा दोन घरे जाऊ शकते, राजा किल्लेकोट करतो आणि प्याद्याचा वजीरही होतो. आता देशी डावाला वेग यावा म्हणून दोघांनी फक्त दोन घरांची मुभा घेतली असे समजावे. लगेच प्यादी समोरच्या प्याद्याच्या माऱ्यातले घर न थांबता ओलांडू लागतात. युरोपात हीच पळवाट बुजवण्यासाठी ‘एन पासाँ’चा नियम आला: दोन घरे गेलेले प्यादे एकच घर गेल्यासारखे मानून लगेच पुढच्या चालीत मारता येते. म्हणजे हे दोन नियम जोडीनेच उचलावे लागतात. उलट किल्लेकोट आणि घोड्याची उडी दोन्ही ठेवली, तर राजाला सुटकेच्या दोन वाटा मिळतात आणि हल्ला करणाऱ्याचे कष्ट वाया जातात.

पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीतच तयार झाले होते. आंतरराष्ट्रीय नियम आत्मसात करून ते इंग्लंडला गेले आणि 1929, 1932 व 1933 या तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी जिंकले. त्यांच्या डावाची सुरुवात कच्ची आणि शेवट भक्कम असे. दोन्ही पद्धतींत सर्वांत मोठा फरक सुरुवातीच्या चालींचाच आहे. नियम पूर्ण बदलता येतात. अंगवळणी पडलेला अंदाज तेवढ्या लवकर बदलत नाही.

कबड्डीचे महाराष्ट्रात तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होऊन परत येतो. गमिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही. फक्त गुण मोजला जातो. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या देशी खेळाचे प्रात्यक्षिक केले, 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि स्पर्धांमध्ये संजीवनीची रीत रुळली. 2014 पासून प्रो कबड्डीने घरोघरी पोचवलेला ‘सुपर टॅकल’ याच रितीवर उभा आहे: मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना चढाई करणाऱ्याची पकड केली तर एक गुण जादा. गावच्या मैदानावर अमर पद्धतीने खेळणाऱ्या मुलांनी तो उचलला तर तो कधी लागूच होणार नाही, कारण तिथे गडी कमी होत नाहीत. उसना नियम असा निरुपयोगी ठरला तर फारसे बिघडत नाही. तो उलटा चालू लागला तर मात्र खेळ बिघडतो.

तसे घडण्याची भीती भूमिका घेऊन खेळायच्या टेबलावरच्या खेळांत सर्वांत जास्त असते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांतला आद्य खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. 1989, 2000, 2008, 2014 अशा आवृत्त्या निघत गेल्या आणि 2024 मध्ये सुधारित पुस्तके आली. जुन्या आवृत्त्यांत आर्मर क्लास जितका कमी तितके चिलखत भक्कम; 2000 पासून हे मोजमाप उलटले. जुन्या साहसकथेतल्या राक्षसाचा आर्मर क्लास 2 असेल, तर त्या काळच्या पहिल्या पातळीच्या योद्ध्याला वीस बाजूंच्या फाशावर 18 पाडावे लागत. तोच 2 नव्या नियमांत तसाच ठेवला, तर जवळपास प्रत्येक वार लागतो. उपाय सोपा आहे: 20 मधून जुना आकडा वजा करायचा. 2 चे 18 होतात आणि राक्षस पुन्हा राक्षस होतो.

आकडे बदलता येतात, गृहीतके बदलणे कठीण. जुन्या नियमांत दिवसभर विश्रांती घेतली की जेमतेम एखादा प्राणगुण परत मिळे. 2014 च्या नियमांत रात्रभराच्या झोपेने सगळे मिळतात. जखमा साठत जातील या हिशेबाने रचलेले जुने भुयार नव्या पात्रांना सहलीसारखे वाटते. सर्वांत फसवी असते ती शेजारच्या आवृत्त्यांची सरमिसळ, कारण त्या एकसारख्या दिसतात. पात्राच्या क्षमता वाढवणारे गुण 2014 मध्ये वंशाकडून मिळत, 2024 मध्ये ते पार्श्वभूमीकडून मिळतात. जुना वंश आणि नवी पार्श्वभूमी घेतली तर वाढ दुप्पट होते. नवा वंश आणि जुनी पार्श्वभूमी घेतली तर ती मिळतच नाही. म्हणून 2024 च्या पुस्तकातच सूचना आहे: जुन्या वंशाची वाढ सोडून द्यावी, आणि जुन्या पार्श्वभूमीत जे नसेल ते तिला जोडून घ्यावे.

दोन नियमावल्या न मिसळता शेजारी शेजारीही नांदू शकतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, तेव्हा नांदेड आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरच्या शेतीला 1950 चा हैदराबाद कूळ कायदाच लागू राहिला. पश्चिम महाराष्ट्राला 1948 चा मुंबई कायदा आणि विदर्भाला 1958 चा वेगळा कायदा लागू होता. मुंबई कायद्यातला, कुळांना जमिनीचे मालक मानणारा 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन नांदेडच्या सातबाऱ्याला लावता येत नाही. तिथे संरक्षित कुळाच्या मालकीसाठी हैदराबाद कायद्याचे कलम 38-ई पाहावे लागते. राज्य एक, कायदे तीन. पण एका जमिनीला एकच.

टेबलाभोवती बसणाऱ्यांनाही हीच शिस्त उपयोगी पडते. एक नियमावली पाया म्हणून ठरवावी आणि वाद झाल्यास तीच प्रमाण मानावी. दुसरीतून काही घ्यायचे असेल तर तो नियम कोणत्या अडचणीला उत्तर म्हणून आला हे पाहून त्याच्या जोडीदारासकट घ्यावा. आकड्यांचे रूपांतर आणि घेतलेल्या नियमांची यादी डाव मांडण्याआधीच कागदावर उतरवावी, कारण डाव रंगल्यावर प्रत्येकाला आपल्या फायद्याचाच नियम आठवतो. नवशिक्यांनी पहिले काही डाव एकाच आवृत्तीने खेळावेत. कोणता नियम कोणाला धरून उभा आहे हे खेळूनच कळते. ते कळल्यावर केलेली सरमिसळ ही त्या मंडळींची स्वतःची आवृत्ती ठरते.