फळ आणि आधार

वर्षभर केलेल्या कष्टांचे मोल शेवटच्या दिवशी ठरते, अशी आपणां सर्वांची समजूत असते. विद्यार्थ्याचे वर्ष परीक्षेच्या तीन तासांत ठरते आणि शेतकऱ्याचे कापणीच्या आठवड्यात. त्या दिवशी हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणजे आपण सहज म्हणून जातो की, सारे वर्ष फुकट गेले. हे म्हणणे कितपत खरे आहे? आणि अशा वेळी दुसऱ्याने पुढे केलेल्या हाताने आपणांस काय परत मिळते व काय मिळू शकत नाही? या दोन प्रश्नांचा विचार करण्याचे आम्ही योजिले असून त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते क्रीडेच्या क्षेत्रातील. नीतिचर्चेला क्रीडांगण शोभत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु जेथे श्रमांची मोजदाद सेकंदांनी आणि गुणांनी होते, तेथे हे प्रश्न जितके उघडे दिसतात तितके ते संसारात दिसत नाहीत.

प्रथम पोहावयाचे, मग सायकल चालवावयाची आणि अखेरीस धावावयाचे, अशी तिन्ही अंगे मध्ये विसावा न घेता पुरी करावयाची ट्रायथलॉन नावाची शर्यत आमच्या वाचकांना अगदीच अपरिचित नसावी. तिचा एक दीर्घ प्रकार २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भरला, आणि तेव्हापासून इकडेही तिचे नाव पुष्कळांच्या कानी पडले आहे. ऑलिंपिक सामन्यांत तिला प्रथम स्थान मिळाले ते २००० साली, सिडनी येथे. तेथील अंतरे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशी ठरलेली आहेत, आणि उत्तम स्पर्धक हे सारे पावणेदोन तासांच्या आसपास उरकतो. परंतु ज्याने हाच आपला पेशा केला, त्याचा हिशेब एका सकाळचा नसतो. जागतिक मालिकेच्या शर्यती महिनोन् महिने निरनिराळ्या खंडांत होत राहतात. प्रत्येक शर्यतीत क्रमांकाप्रमाणे गुण मिळतात. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला इतरांहून अधिक वजन असते. आणि या गुणांच्या बेरजेवरून जगज्जेता कोण हे ठरते. म्हणजे मुकुट एका विजयाला मिळत नाही, तो बेरजेला मिळतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढील विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

२०१६ च्या हंगामात इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील दोन सख्खे भाऊ या क्रीडेत अग्रभागी होते. थोरला ॲलिस्टर ब्राउनली आणि धाकटा जॉनथन ब्राउनली. १८ ऑगस्ट रोजी रिओ येथील ऑलिंपिकमध्ये थोरल्याने सुवर्णपदक मिळविले व धाकट्याने रौप्यपदक. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १८ सप्टेंबर रोजी, मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर मालिकेची अंतिम शर्यत झाली. स्पेनचा मारिओ मोला गुणांत पुढे होता. धाकट्या ब्राउनलीने ही शर्यत जिंकली असती आणि मोला चौथा किंवा त्याच्याही मागे राहिला असता, तर जगज्जेतेपद धाकट्याचे होते. मोला त्या दिवशी पाचवा आला. म्हणजे दैवाने आपल्याकडचा भाग पुरा केला होता. उरला होता तो फक्त धाकट्याचा.

आणि तो आघाडीवर होता. शेवटचे सुमारे ७०० मीटर उरले असता त्याचे पाय वाकडेतिकडे पडू लागले. दृष्टी शून्य झाली, अंग एका बाजूला कलू लागले आणि तो रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला. मागून दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन आणि थोरला भाऊ येत होते. स्कूमन पुढे निघून गेला व शर्यत जिंकला. थोरल्याने मात्र भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला कंबरेशी धरले आणि तसेच ओढीत, सावरीत अखेरच्या रेषेपर्यंत आणले. आणि तेथे त्याला आपल्या पुढे ढकलून रेषेपलीकडे पाडले. धाकटा दुसरा, थोरला तिसरा. धाकट्याला रुग्णालयात न्यावे लागले. जगज्जेतेपद मोलाला मिळाले, अवघ्या ४ गुणांनी.

येथे शरीरशास्त्राचा एक शब्द सांगणे अवश्य आहे. श्रम करणारा मनुष्य जी शक्ती खर्च करतो, तिच्यापैकी सुमारे पाव हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची उष्णता होऊन अंगात साठते. घाम वाळला तर ती बाहेर पडते. परंतु समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंतर्भागाची उष्णता फार चढली म्हणजे प्रथम बिघडतो तो मेंदूचा कारभार. तेव्हा तेथे इच्छाशक्ती अपुरी पडली, असे म्हणणे चुकीचे होईल. उलट, इच्छेने देहाची मर्यादा ओलांडली आणि मग देहाने इच्छेची आज्ञा पाळण्याचे नाकारले, हेच खरे. थोरल्या भावाचे मत याहूनही रोखठोक होते. धाकट्याने वेग नीट बेतला असता तर शर्यत सहज हाती होती, असे म्हणून त्याने त्याच दिवशी त्याची कानउघाडणी केली. ज्याने खांदा दिला त्यानेच बोलही लावले. आणि घरच्या माणसाची खूण तीच नव्हे काय?

आता पहिला प्रश्न. ते ४ गुण कोठे गेले? सर्वांच्या डोळ्यांपुढे ते त्या ७०० मीटरांत गेले. परंतु बेरजेत शेवटच्या आकड्याला पहिल्या आकड्याहून वेगळी जात नसते. हंगामाच्या आरंभी एखाद्या सकाळी एखादा क्रमांक वर मिळाला असता, तरी ते ४ गुण भरून निघाले असते. त्या सकाळी कोणी हळहळले नाही. मोलाचे गुणही कोझुमेलला मिळालेले नव्हते. वर्षभरात मालिकेच्या अनेक शर्यती जिंकून त्याने ते साठविले होते, म्हणूनच त्या दिवशी त्याला पाचवा क्रमांक पुरला. आपण मात्र शेवटच्या घटकेला सारे श्रेय देतो आणि सारा दोषही तिच्याच पदरी बांधतो, याचे कारण एवढेच की ती आपणांस दिसते. ज्या वर्षाची बेरीज झाली ते वर्ष फुकट गेले असे म्हणणे म्हणजे ४ गुणांकरिता उरलेले हजारो गुण खोटे ठरविणे होय. फळ हुकले हे खरे; म्हणून झाड नव्हतेच असे होत नाही.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. थोरल्याने केले ते योग्य होते काय? त्या वेळच्या नियमांत एका स्पर्धकाने दुसऱ्यास साहाय्य करण्याला मनाई नव्हती. धाकट्याला बाद ठरवावे अशी तक्रार झाली, पण ती फेटाळली गेली. म्हणून कायद्याचा प्रश्न मिटला. नीतीचा मिटत नाही. कोणी म्हणतात, बंधुप्रेमापुढे शर्यत ती काय! हे म्हणणे गोड आहे, पण अपुरे आहे. थोरल्याने स्वतः सांगितले की, भावाच्या जागी कोणीही असता तरी आपण हेच केले असते. हे आम्हांस खरे मानावेसे वाटते, आणि त्याला कारण आहे. २०१० साली लंडनच्या हाइड पार्कमधील शर्यतीत हाच थोरला उष्म्याने असाच शेवटी शेवटी कोलमडला होता व दहावा आला होता. त्या दिवशी धाकटा दुसरा आला. तेव्हा येथे देण्याघेण्याचा हिशेब नव्हता. होती ती एवढीच जाणीव की, या अवस्थेतून आपण गेलो आहोत.

तथापि एक शंका उरते, आणि प्रामाणिक वाचकाने ती टाळू नये. केवळ करुणाच असती तर थोरल्याने भावाला सावलीत निजविले असते. त्याने त्याला रेषेकडे नेले. तो वाटेतच कोसळला असता आणि जवळ वैद्य नसता तर प्रसंग जिवावर बेतला असता, असे त्याने नंतर सांगितले, आणि तेही खोटे नव्हे. परंतु त्या रेषेवर वैद्यही होते आणि दुसरा क्रमांकही होता. जीव वाचविणे आणि क्रमांक वाचविणे ही दोन्ही कामे त्या दिवशी एकाच दिशेला होती. म्हणून त्यांपैकी कोणते करीत आहोत, हे स्वतः करणाऱ्यालाही निवडून सांगता आले नसते. आपल्या घरांतही असे होते. मुलाचा अभ्यास बाप करून देतो, आणि ते मुलाकरिता की निकालाकरिता, हे बापाला ठाऊक नसते.

२०१७ पासून या क्रीडेच्या नियमांत असे घातले गेले की, एका स्पर्धकाने दुसऱ्याला पुढे सरकण्यास अंगबळाने मदत केली तर दोघेही बाद व्हावे. हा नियम वाचून पुष्कळांना तो निर्दय वाटला. आम्हांस तसा वाटत नाही. शर्यत हा एक प्रश्न आहे: तू आपल्या बळावर येथपर्यंत येऊ शकतोस काय? ज्याला उचलून आणले, त्याच्याविषयी या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे लिहिले, तर जो चौथा, पाचवा, दहावा आपल्या पायांनी आला त्याच्याशी लबाडी होते. आणि तोही कोणाचा तरी भाऊ असतोच. शिवाय या नियमाने करुणेला मनाई केलेली नाही. करुणेतून क्रमांक काढण्याला केली आहे. पूर्वी ज्या दोन गोष्टी एकाच दिशेला होत्या, त्या त्याने अलग केल्या. आता पडलेल्याला जो उचलील त्याने आपला हंगाम सोडूनच उचलावे, आणि पडलेल्याचाही क्रमांक आपण घालवीत आहोत हे जाणून उचलावे. म्हणजे त्याला आधी स्वतःला विचारावे लागेल की, याचा जीव धोक्यात आहे की केवळ यश? यश असेल तर त्याला त्याच्या पायांवर सोडण्यातच त्याचा मान आहे. जीव असेल तर क्रमांकाकडे पाहणे हेच लाजिरवाणे.

ज्याला आपल्या यशाचा वाटा दुसऱ्याला द्यावयाचाच आहे, त्याला नियम आडवा येत नाही, याचे उदाहरण २०२० साली स्पेनमधील सान्तान्देर येथे घडले. तिसऱ्या स्थानावर असलेला जेम्स टीगल रेषा दिसत असता वळण चुकला आणि मागचा डिएगो मेन्त्रिदा पुढे आला. मेन्त्रिदाने वळून पाहिले, काय झाले ते ओळखले, आणि रेषेच्या अलीकडे उभा राहून टीगलला पुढे जाऊ दिले. त्याने त्याला हात लावला नाही, ओढले नाही. जे आपले नव्हते असे वाटले, ते घेतले नाही, एवढेच. संयोजकांनी पुढे त्यालाही मानाचा तिसरा क्रमांक देऊन तितकेच पारितोषिक दिले. परंतु थांबला तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हते.

या दोन प्रसंगांवरून आम्हांस असे दिसते की, आधार आणि फळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एकीच्या जागी दुसरी मागणे हे आपल्या बऱ्याचशा दुःखाचे मूळ आहे. थोरल्या भावाच्या खांद्याने धाकट्याला दुसरा क्रमांक मिळाला, जगज्जेतेपद मिळाले नाही. ते कोणाच्याही खांद्यावर बसून मिळण्यासारखे नव्हतेच. परंतु पडण्याच्या घटकेला आपण एकटे नव्हतो, ही जी वस्तू त्याला त्या खांद्याने दिली, ती वर्षभराच्या गुणांनीही मिळाली नसती. आमच्या घरांतून परीक्षेत नापास होऊन येणाऱ्या मुलाला, नोकरीत डावलल्या गेलेल्या कर्त्या पुरुषाला किंवा स्त्रीला आपण बहुधा या दोहोंची गल्लत करून वागवितो. एक तर त्याचे यश आपण ओढून आणावयास धावतो, शिफारशी शोधतो, कोणाचे तरी दार ठोठावतो. नाही तर वर्ष फुकट घालविलेस म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवितो. त्याला हवे असते ते याहून थोडे. त्याच्या वर्षाची बेरीज कोणी तरी पुरी वाचावी, चुकले तेथे चुकले म्हणावे, आणि दार उघडे ठेवावे.