शाप कुणी दिला, कुणाला दिला?

गेल्या नाताळात तिसरी पाळी सुटल्यावर मी खात्यातल्या एका ख्रिस्ती सोबत्याच्या खोलीवर गेलो. वयानं मोठा, आम्ही त्याला मामा म्हणतो. खिडकीत गव्हाणी मांडलेली. बाळ येशू, मेंढरं, आणि गुडघे टेकलेले तीन राजे.

मी विचारलं, ‘‘मामा, हे तीन राजे पुस्तकात कुठं आहेत?’’

‘‘लेका, लहानपणापास्नं बघतोय की!’’

मग त्यानं बायबल काढलं. मत्तयाचा दुसरा अध्याय. तिथं राजे नाहीतच, पूर्वेकडून आलेले मागी आहेत, म्हणजे ज्ञानी लोक. ते किती होते तेही लिहिलेलं नाही. भेटी मात्र तीन : सोनं, ऊद, गंधरस. आणि ते येतात ते घरात, गव्हाणीपाशी नाही. 25 डिसेंबर ही तारीख तर चारी शुभवर्तमानांत कुठंच नाही. मामा हसला, मीही हसलो. त्यानं राजे काही उचलले नाहीत, चहा ठेवला. बरोबरच केलं. तीन राजांनी कुणाची भाकरी हिसकावलेली नाही.

पण सगळ्याच परंपरा इतक्या गरीब नसतात.

मी दहावी नापास. वाचायची खोड रद्दीतल्या पुस्तकांनी लावली. त्यातूनच कळलं की अमेरिकेतले मळेवाले काळ्या गुलामांना सांगायचे, तुम्ही हामची लेकरं, देवानंच तुम्हाला शाप दिलाय, राबा. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं, त्यांच्या खापरपणज्यांच्या पाठीवर या शापाचे वळ आहेत.

मी मामाकडनं बायबल मागून आणलं. उत्पत्ती, नववा अध्याय. नोहा दारू पितो, तंबूत उघडा पडतो. मुलगा हाम त्याला तसा बघतो. नशा उतरल्यावर नोहा शाप देतो, तोही हामला नाही, हामचा मुलगा कनान याला! शाप देणारा देव नाही, दारू उतरलेला म्हातारा आहे. कातडीच्या रंगाबद्दल तर एक अक्षर नाही. एवढ्या भांडवलावर माणसं बाजारात विकली.

हे कुणी वाचू नये म्हणून बंदोबस्तही होता. 1830 साली नॉर्थ कॅरोलिनात गुलामाला वाचायला शिकवणं गुन्हा ठरलं. फ्रेडरिक डग्लस रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना भाकरी देऊन अक्षरं शिकला. मेरीलँडमध्ये तो गुलामांना बायबल वाचायला शिकवत होता, तर तो वर्ग चर्चमधल्याच पुढाऱ्यांनी काठ्या घेऊन उधळला. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास बायबल छापलं. मोशे गुलामांना मिसरातून बाहेर काढतो ती गोष्टच त्यातून उडवली.

म्हणजे पुस्तक ताडून बघणं ही साधी गोष्ट नाही. धनी त्यालाच भितो.

पण इथं थांबलो तर फसलो. त्याच छाटलेल्या बायबलात एक गोष्ट जपून ठेवली होती. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी, ही इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली शिकवण. ती कुणी मागाहून घुसडलेली नाही. पुस्तकातच आहे. आता काय करणार? शाप खोटा म्हणून झुगारला, मग ही आज्ञा खरी म्हणून पाळायची?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली, ती काय कुणी चुकीचा अर्थ लावला म्हणून? अर्थ बरोबर कळला म्हणूनच जाळली. आणि 1936 साली ‘जातिसंहारा’त बाबासाहेबांनी बजावलं, की शास्त्रात तसं नाहीच असं म्हणून पळवाट काढू नका, शास्त्राचा अधिकारच नाकारा.

काही मित्र म्हणतील, मग ताडायचं कशाला? सरळ नाकारा. मला हे पटत नाही. न वाचता नाकारणारा उद्या न वाचता मान्यही करील. डग्लसनं वाचलं, म्हणून येशूचा धर्म वेगळा आणि मळेवाल्याचा वेगळा, हे तो 1845 च्या आत्मकथेत ठणकावून लिहू शकला. परंपरा पुस्तकाशी ताडायची, ही पहिली पायरी. पुस्तक माणसाशी ताडायचं, ही दुसरी. पहिलीवर थांबला तो पंडित होतो. पहिली गाळून उडी मारतो, तो दुसऱ्याच्या तोंडानं बोलतो.

आता आपल्या घरात बघू. 1942 च्या जुलैत नागपूरला बाबासाहेबांनी इंग्रजीत सांगितलेला क्रम होता : शिका, चळवळ करा, संघटित व्हा. आपण फलकावर संघटन आधी लिहितो आणि संघर्ष शेवटी. एवढ्यानं चळवळ बुडाली असं मी म्हणत नाही. पण मी स्वतः सहा वर्षं तो फलक रंगवत आलो आणि मूळ भाषण एकदाही उघडून बघितलं नव्हतं. मामाच्या तीन राजांना हसताना हे मला आठवलं, आणि माझं हसू तिथंच अडकलं.