घास आणि धास्ती

दुःख झाले की आपला कंठ दाटतो. भीती वाटली की घशाला कोरड पडते. अपमान सहन करायचा तर आवंढा गिळावा लागतो, आणि घरात कोणी अत्यवस्थ असले की समोरचे ताट भरलेले असूनही घास घशाखाली उतरत नाही. ज्यांनी हे शब्दप्रयोग घडवले त्यांनी शरीरशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नसेल. पण मन आणि घसा यांचे नाते त्यांना पक्के ठाऊक होते. असे असताना, याच भाषेत वाढलेला माणूस घशात काही अडकल्यासारखे वाटताच थेट मेंदूच्या असाध्य रोगापर्यंत कसा जाऊन पोहोचतो? आणि पोहोचलाच, तर त्या भीतीशी त्याने कसे वागावे? यातला पहिला प्रश्न वैद्यकाचा आहे. दुसरा नीतीचा आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

समजा, असीरगडच्या पायथ्याशी राहणारा पंचेचाळीस वर्षांचा एक केळीचा बागाईतदार आहे. दोन महिन्यांपासून त्याला गिळताना काहीतरी वेगळे जाणवते. हल्ली ज्ञान खिशातल्या मोबाईलमध्येच असते. तिथे त्याला ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ हे नाव सापडते. स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जाण्याचा हा आजार. त्याच्या काही रुग्णांत सुरुवात खरोखरच बोलण्यापासून आणि गिळण्यापासून होते. त्या दिवसापासून हा गृहस्थ जेवत नाही, स्वतःच्या जेवण्यावर पहारा करतो. एक घास गिळायला तीसच्या आसपास स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच जोड्या एका लयीत काम करतात. ते काम आपल्या नकळत चालते म्हणूनच नीट चालते. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाय कसा पडतो हे पाहू लागलो, तर सरळ पायही अडखळतो. तसेच याचे होते. पहाऱ्यामुळे घास अडखळतो आणि अडखळलेला घास रोगाचा पुरावा ठरतो.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे म्हणून त्याची थट्टा करणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. गिळण्याच्या त्रासाला घाबरणे हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. घटसर्पात मुलांचे घसे बंद होत, आणि आजार उतरल्यावरही काहींची टाळू लुळी पडून प्यायलेले पाणी नाकावाटे येई. धनुर्वातात दातखीळ बसे. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या माणसाचा घसा पाण्याच्या नुसत्या दर्शनाने आवळला जाई. लुई पाश्चरने 1885 साली त्यावर लस दिली. परंतु लक्षणे दिसू लागल्यावर तो आजार आजही जवळजवळ निश्चित मृत्यूच आहे. म्हणून दंश होताच जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लस घेणारा घाबरट नव्हे, तो शहाणा. गंमत अशी की, याच आजाराच्या बाबतीत डॉक्टरांनी दुसऱ्याही प्रकारची माणसे पाहिली आहेत: रोगाचा स्पर्शही झालेला नसताना केवळ धास्तीने ज्यांचा घसा आवळला गेला. भीती तीच, एकाला तिने वेळेवर दवाखान्यात नेले आणि दुसऱ्याला तिनेच आजारी पाडले.

हा फरक कशाने पडतो? त्याचे उत्तर शोधताना मला आमच्या गडाचा इतिहास आठवतो. अकबराने 1600 साली असीरगडाला वेढा घातला आणि 1601 च्या जानेवारीत गड त्याच्या हाती आला. इतका अजिंक्य गड पडला कसा? फैजी सरहिंदी हा मोगल इतिहासकार सांगतो की, गडावर रोगाची साथ आली; काहींची कमरेखालची शक्ती जाऊन त्यांना हलता येईना, काहींची दृष्टी मंदावली. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात मात्र कारण निराळे आहे: गडावरच्या अधिकाऱ्यांना लाच देण्यात आली. व्हिन्सेंट स्मिथ या इंग्रज इतिहासकाराने 1917 साली आपल्या ग्रंथात साथीची हकिकत ही लाच झाकण्यासाठी रचलेली कथा ठरवली. पुढच्या काही अभ्यासकांना ते पटले नाही. आजचा एखादा डॉक्टर म्हणेल, कोंडलेल्या माणसांच्या अन्नात जीवनसत्त्वे नसतील. तात्पर्य काय, तर घडलेली गोष्ट एकच. तिचे कारण मात्र ज्याने त्याने आपल्या मनातले भरले. कारण न कळलेली गोष्ट हे कोरे पान असते. दरबारी माणूस त्यावर दैव लिहितो, विरोधक कपट लिहितो आणि घाबरलेला माणूस जगातला सर्वांत वाईट रोग लिहितो. पुढे आपलेच अक्षर तो दुसऱ्याचे समजून वाचतो.

म्हणून भीती वाटलेल्या माणसाचे पहिले कर्तव्य असे की, त्याने रोगाचे नाव बाजूला ठेवावे आणि आपल्याला होते काय तेवढेच अचूक सांगावे. आपल्या दुभाषी जिल्ह्यांत हे वाटते तितके सोपे नाही. रुग्णाला त्रास मराठीत होतो, तो सांगतो हिंदीत आणि डॉक्टर लिहितात इंग्रजीत. ‘गले में अटकता है’ एवढ्या चार शब्दांत सगळे गुंडाळले जाते. मराठीत मात्र या वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत. ‘गोळा असल्यासारखे वाटते’ म्हणजे नुसता आवंढा गिळताना जाणवते, आणि भाकरी खाताना विसरले जाते. हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, आणि आम्लपित्त किंवा मनाचा ताण त्याच्या मागे असू शकतो. ‘घास अडकतो’ म्हणजे आधी कोरडी भाकरी, पुढे मऊ भातही छातीशी थांबू लागतो. हे अन्ननलिकेकडे बोट दाखवते, आणि तंबाखू-गुटख्याच्या आपल्या मुलखात ते एक आठवडाही अंगावर काढू नये. ‘ठसका लागतो’ म्हणजे विशेषतः पाणी पिताना लागतो, पाणी नाकावाटे येते, बोलणे जड होते, वजन घटते. इथे मज्जातंतूंची तपासणी हवीच. आणि हे सारे अचानक, तोंड वाकडे होऊन किंवा हातातले बळ जाऊन झाले, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आपल्या बोलीतले शब्द हिंदीत सांगताना गाळू नयेत. खरे बोलण्याचे व्रत म्हणतात ते दवाखान्यातही पाळायचे असते.

दुसरे कर्तव्य अधिक कठीण आहे. तपासणी झाली, डॉक्टरांनी जीभ पाहिली, हातापायांचे बळ पाहिले, गरज वाटली तर दुर्बीण घातली आणि काही सापडले नाही. आता काय? आमच्या गडावरच्या महादेवाला अश्वत्थामा रोज येऊन फुले वाहतो अशी या भागातली श्रद्धा आहे. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल मागतो असेही सांगतात. दिवाळीत अभ्यंगाआधी काही घरांतून जमिनीवर तेलाची बोटे ओढतात, त्यातले पहिले त्याच्याच नावाचे. त्या कथेतली एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तेल देणारे हजारो झाले, पण जखम भरली नाही. धास्तावलेला माणूस असाच दारोदार दिलाशाचे तेल मागत हिंडतो. खंडव्याच्या डॉक्टरांनी दिले, जळगावच्यांनी दिले, इंदूरच्यांनीही दिले. प्रत्येक वेळी दोन दिवस थंड वाटले आणि तिसऱ्या दिवशी आग सुरू झाली. कारण तो मागतो आहे ती शंभर टक्के खात्री, आणि ती कोणत्याही डॉक्टराच्या कपाटात नसते. ‘तुम्हांला हा रोग आज दिसत नाही’ असे डॉक्टर सांगू शकतात. ‘कधीच होणार नाही’ असे ते स्वतःबद्दलही सांगू शकत नाहीत.

कोणी म्हणेल, डॉक्टर चुकले तर? आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे फेरतपासणीची तारीख ठरवून घेणे. मज्जातंतूंचा आजार असेल तर तो थांबून राहत नाही, महिन्यामहिन्यांत वाढत जातो. मनाच्या ताणाने येणारा गोळा येतो आणि जातो. काळ हीदेखील एक तपासणी आहे. पण ठरलेल्या तारखेपर्यंतचे दिवस भीतीच्या मालकीचे नाहीत. ते बायकोमुलांचे आहेत, बागेचे आहेत, शेजाऱ्यांचे आहेत. जो बाप ताटावर बसून स्वतःच्या घशाचाच आवाज ऐकत राहतो, त्याला मुलगी शेजारी बसून काय सांगते ते ऐकू येत नाही. चिंता हा खाजगी मामला आहे असे आपण समजतो. वास्तविक तिची किंमत सारे घर मोजत असते.

आणि भीती खरीच ठरली तर? तेही टाळू नये. स्टीफन हॉकिंग यांना 1963 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हाच मज्जापेशींचा आजार असल्याचे निदान झाले आणि दोनेक वर्षांचे आयुष्य सांगितले गेले. ते 2018 साली शहात्तराव्या वर्षी गेले. हा मोठा अपवाद होता हे मान्य केलेच पाहिजे. बहुतेक रुग्णांना काही थोडीच वर्षे मिळतात. दुसरे उदाहरण अमिताभ बच्चन यांचे. 1984 साली त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार निघाला. या आजारात घसाही थकू शकतो. पण त्यावर औषधे आहेत, आणि त्यानंतर ते कितीतरी वर्षे काम करीत राहिले. म्हणजे एकाच लक्षणामागे अनेक रोग आणि एकाच रोगात अनेक आयुष्ये असू शकतात. भीतीला मात्र एकच गोष्ट सांगता येते, आणि तिचा शेवट ती आधीच लिहून बसलेली असते. ज्याला खरोखर रोग आहे त्यालाही ती काही शिकवत नाही. उरलेल्या दिवसांतले काही दिवस तेवढे काढून घेते.

एकूण, भीतीचा आपल्यावर हक्क आहे, पण तो मर्यादित आहे. तिला एक प्रामाणिक चौकशी देणे लागतो. ती टाळणारा शूर नसतो. तोही भितोच, फक्त पाठ फिरवून भितो. चौकशी झाल्यावर जी अनिश्चितता शिल्लक राहते ती त्या बागाईतदाराची एकट्याची नाही. ती त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांची आहे, पंगतीत शेजारी बसलेल्या धडधाकट माणसाची आहे, तुमचीआमची आहे. तिच्यासह आपण सारे रोज जेवायला बसतो. त्यानेही बसावे, आणि वाढणारीला सांगावे की लाडू छान झाले आहेत.