गोळी कुठवर जाते

रानडुक्कर मारावं की मारू नये, असं शहरातल्या माणसाला विचारलं तर तो लगेच "छे छे" म्हणतो. आमच्या आजरा-चंदगडकडच्या माणसाला विचारलं तर तो आधी विचारणाऱ्याच्या पायाकडं बघतो, चिखल लागलाय का ते. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. माझ्या घरात पन्नास वर्षं बंदूक आहे. आधी आबांची ठासणीची, मग तात्यांची बारा बोअरची. त्यामुळं ह्या प्रश्नाशी माझा संबंध चर्चेपुरता नाही. परवान्याचं नूतनीकरण आलं की तो दर खेपेला माझ्या पुढ्यात येऊन बसतो.

आधी नुकसानीचं सांगतो, कारण ज्यानं ते बघितलं नाही त्याला पुढचं कळायचं नाही. डुकरांचा कळप रताळ्यात शिरला तर खातो त्याच्या चौपट उकरून टाकतो. भुईमुगाची सरी नाकानं अशी उलथतो की सकाळी वाटावं, रात्री कुणी नांगर धरला होता. घनसाळ भात पोटरीत आलं की त्यात लोळतात. लोळलेलं भात उठत नाही. गवा आला तर तो नुसता चालत गेला तरी वाफा संपला. गव्याला हात लावायची सोयच नाही, तो कायद्यात वाघाच्या पंगतीला बसलाय. दाजीपूरचं रान एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली ते गव्यांचं अभयारण्य झालं. राजाच्या शिकारीसाठी राखलं म्हणून ते रान वाचलं, हेही खरं आहे. नाहीतर आमच्यासारख्यांनी कधीच तोडून नाचणी पेरली असती.

आता कायदा. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण हे कायदे मी वाचून घेतलेत, कारण घरात हत्यार आहे. १९५९ चा हत्यार कायदा आहे, त्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी पडत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची द्यावी, असं त्यात आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना डुक्कर माहीत होतं. मग १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला. त्यात सुरुवातीला काही जनावरांच्या शिकारीचे परवाने मिळायचे. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले. आता डुक्कर उभ्या पिकाला उपद्रव करत असेल तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी काढायची आणि मग मारायचं. मेलेलं जनावर सरकारचं. थोडक्यात, एका कायद्यानं हातात बंदूक दिली आणि दुसऱ्यानं बोट धरून ठेवलं.

ह्यावर आमच्याकडं सगळे शिव्या घालतात. मी घालत नाही. बोट धरायला कुणीतरी पाहिजेच. माझी तक्रार वेगळी आहे. अर्ज, पंचनामा, सही, शिक्का हे होईतो डुक्कर थांबत नाही. आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. २०२४ ची विधानसभा घ्या. आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, मतदान झालं २० नोव्हेंबरला. नेमकं भात पिकून उभं असायचे हे दिवस. डुकरांना मतदान नाही, पण आचारसंहितेचा फायदा मात्र त्यांनाच जास्त झाला.

आबांची ठासणीची बंदूक मी लहानपणी बघितली. नळीत दारू घालायची, गजानं ठासायची, वर चिंधीचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, शेवटी टोपी बसवायची. एक बार काढला की पुन्हा भरायला बराच वेळ. तेवढ्या वेळात जनावर डोंगर चढून जायचं. आबा म्हणायचे, "एकच हाय, तवा बघून टाक." त्या बंदुकीला गरिबाची बंदूक म्हणून हसत असत लोक. मला आता वाटतं, तिच्यात एक चांगली गोष्ट होती. ती माणसाला विचार करायला लावायची. एका बारात काम झालं नाही तर दुसरा नाही, हे आधीच ठाऊक असलेला माणूस उगाच चाप ओढत नाही.

तात्यांनी पुढं बारा बोअर घेतली. बारा बोअर म्हणजे काय हे पुष्कळ परवानेवाल्यांनाही माहीत नसतं. त्या नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोल गोळी केली तर तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. काडतुसं खडकीच्या कारखान्यातली, शक्तिमान नावाची. पाखराला बारीक छऱ्याचं, डुकराला एलजी, म्हणजे मोजक्याच मोठ्या छऱ्यांचं. किती काडतुसं घेतली, किती उडवली, सगळ्याची नोंद. तात्या ती काडतुसं आजीच्या जुन्या पितळी डब्यात ठेवायचे आणि डबा देव्हाऱ्याच्या फळीवर. देवापाशी का, विचारलं तर म्हणायचे, "तितं कुणी उगंच हात घालत न्हाई."

ह्या तात्यांची एक रात्र सांगतो. परवानगीचा कागद खिशात होता. पौर्णिमेच्या आसपासचा उजेड. उसाच्या कडेनं एकलगा डुक्कर, चांगला दांडगा, बांधावर आडवा उभा राहिला. पंचवीस पावलं असेल. मी मागं बसलो होतो. तात्यांनी बंदूक खांद्याला लावली, घोडा चढवला, आणि तशीच धरून राहिले. डुक्कर हुंगत हुंगत उसात शिरलं. मी चिडलो. तात्यांनी काही न बोलता पलीकडं बोट दाखवलं. डुकराच्या मागं, लांब, खालच्या शेतात एक बॅटरी हलत होती. कुणीतरी उसाला पाणी पाजत होतं. आमच्याकडं शेतीची वीज रात्री येते, हे वाचणाऱ्याला माहीत असेलच. रात्री अकराला आली की माणूस पहाटेपर्यंत दारं मोडत फिरतो. डुकराची वेळ तीच आणि माणसाचीही तीच.

त्या रात्री त्या एकलग्यानं जाताजाता माझी दोन गुंठे रताळी उलथली. तात्यांनी ती सकाळी स्वतः भरून काढली.

तेव्हापासून मला कळलं की बंदुकीच्या बाबतीत खरा प्रश्न जनावराच्या पलीकडचा आहे. एलजीचा छर्रा पन्नास-साठ पावलांच्या पुढं डुकराला धड मारत नाही. पण माणसाला जायबंदी करण्याइतका तो त्याच्या कितीतरी पुढं जातो. मग लोक म्हणतात, जास्त ताकदीची गोळी द्या, रायफल द्या. त्यातही तथ्य आहे. हलक्या गोळीनं जनावर मरत नाही. नर डुकराच्या खांद्यावरचं कातडं ढालीसारखं जाड असतं. वरवर लागलं तर ते रानात जाऊन आठ-आठ दिवस सडत मरतं. दया म्हणून बघायचं तर भारी गोळीच बरी, जागेवर संपवणारी. पण भारी गोळी जनावरातून पार होते आणि पुढं चालू लागते. पुढं कोण आहे हे तिला माहीत नसतं. म्हणजे जनावरावर दया करायला जावं तर शेजाऱ्याला धोका, आणि शेजाऱ्याला जपावं तर जनावराचे हाल. हा गुंता मला कुणी सोडवून दिलेला नाही. मी एवढंच म्हणतो की ज्याला हा गुंता दिसत नाही त्याच्या हातात बंदूक देऊ नये, त्याचे बाकीचे कागद कितीही चोख असोत.

हल्ली लग्नात, मिरवणुकीत कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेली माणसं दिसतात. कानपूरच्या कारखान्यातलं बत्तीस बोअरचं. त्यातला बत्तीसचा आकडा वेगळ्या हिशोबाचा, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बत्तीस. गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची. डुकराला मारली तर ते खवळेल, मरायचं नाही बहुधा. शेताला त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी त्याला आपल्या बाराबोअरपेक्षा मान जास्त. एकाला मी सहज विचारलं, "दादा, हे कशापासून संरक्षण?" तो हसला. हसण्यातच उत्तर होतं. ती वस्तू माणसासाठीच बनवलेली आहे. काहींना खरोखर जिवाची भीती असते, त्यांनी बाळगावी. पण भीती नसताना जो ती लोकांना दिसेल अशी बाळगतो, तो दुसऱ्याच्या मनात भीती पेरतो. ते पीक कसं येतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

आमच्या गावचा एक मुलगा अमेरिकेत टेक्सासला आहे. तिकडंही रानडुकरं आहेत, पूर्वी युरोपातून गेलेल्यांनी नेलेल्या पाळीव डुकरांची माजलेली अवलाद. खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं ती मारायला २०१९ पासून तिथं शिकारीचा परवानाही लागत नाही. काही लोक चव्वेचाळीस मॅग्नम नावाच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर घेऊन डुकरामागं जातात. १९५५ साली निघालेलं काडतूस. गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची, आणि जोर आपल्या बत्तीसच्या कितीतरी पट. हे ऐकून गावातली पोरं म्हणाली, बघा, तिकडं शेतकऱ्याला किंमत आहे. मी त्या मुलाला फोनवर विचारलं, शेजाऱ्याचं घर किती लांब? म्हणाला, "काका, गाडीनं जावं लागतं." आमच्याकडं शेजाऱ्याचा बांध एक वावभर लांब, आणि वाटणीत तोही कोरून कोरून अर्धा झालेला. तिथला कायदा तिथल्या जमिनीला शोभत असेल. आपल्या वीस गुंठ्यांत चव्वेचाळीस मॅग्नम म्हणजे माजघरात नांगर धरल्यासारखं.

बंदूक अवघड केली म्हणून मारणं थांबलं का? हे मात्र मोठ्यानं बोललं पाहिजे. थांबलं नाही, त्याची रीत बदलली. कुणी तारेत वीज सोडतात. कुणी सायकलच्या ब्रेकच्या तारेची फासकी लावतात. कुणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात, डुकरानं चावलं की तोंड फुटतं. २०२० च्या मे महिन्यात केरळात एक गाभण हत्तीण असंच काहीतरी चावली, आणि फुटलेलं तोंड घेऊन नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. सगळ्या देशानं हळहळ केली. ते स्फोटक हत्तिणीसाठी नव्हतं, डुकरासाठी होतं, हे वाचून देश गप्प झाला. डुकराचं तोंड फुटलं असतं तर ती बातमी झाली नसती. विदर्भात तारेच्या विजेनं वाघ मेलेत, आणि माणसंही. शेताचा मालक स्वतःच पहाटे विसरून तारेला चिकटला, अशाही गोष्टी आहेत.

गळ्यात तुळशीची माळ असलेला एक शेतकरी मला म्हणाला, "मी बंदूक धरणार न्हाई, पाप हाय. तार लावतो." मी म्हटलं, माउली, तार कोण लावतं मग? तो म्हणाला, "डुक्कर आपल्या पायानं येतंय." हे त्याला खरंच पटलेलं होतं, तो लबाड माणूस नाही. पण मला त्याचं पटेना. बंदूकवाल्याला बघावं लागतं. पिल्लाची मादी आहे का, मागं कुणी आहे का, लागलं तर कुठं लागेल. मारल्यावर मेलेलं डोळ्यांनी बघावं लागतं. तार रात्रभर जागी असते आणि आंधळी असते. लावणारा घरात घोरत असतो. त्यानं मारलेलं त्याच्या खात्यावर येत नाही, असं त्याला वाटतं एवढंच. माझ्या मते ते दुप्पट येतं. आणि ह्यात सरकारचाही वाटा आहे. जे मारणं कागदावर होतं, मोजलं जातं, ते महिनाभर लांबवायचं, आणि जे चोरून होतं त्याचा तपास माणूस मेल्यावर करायचा, ह्या कारभाराला प्राण्यावरची दया म्हणणं मला जमत नाही. केरळनं २०२२ साली डुकरांच्या परवानगीचा अधिकार पंचायतीच्या प्रमुखांना दिला. आपल्याकडंही तसं झालं तर बरं, असं मी म्हणत होतो. पण मग आमच्या पंचायतीतली भावकी आठवते, आणि कुणाच्या शेतातल्या डुकराला आधी परवानगी मिळेल ते डोळ्यासमोर येतं.

मटणाचंही बोललं पाहिजे. पूर्वी डुक्कर पडलं की वाटे पडायचे. हाक्याला आलेल्या प्रत्येकाला वाटा, कुत्र्याला वाटा, न आलेल्या म्हातारीच्या घरीही पानात घालून जायचा. आता परवानगीनं मारलं तरी खायचं नाही. कायद्याचं म्हणणं मला समजतं. खायची सूट दिली तर उद्या प्रत्येक डुक्कर उपद्रवी ठरेल. तरी शंभर किलोचं जनावर खड्ड्यात पुरताना आमच्या गड्यांचे चेहरे मी बघितलेत. "नुसतं मारायचं, तेबी मातीत घालायला?" असं एक जण म्हणाला. खाण्यासाठी मारणं बरं, की पीक राखण्यासाठी मारून टाकून देणं बरं? आबांना विचारलं असतं तर त्यांनी पहिलं बरं म्हटलं असतं. मी अजून ठरवू शकलो नाही. पण पुरताना हळहळणाऱ्या गड्याला रानटी म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

तात्यांच्या घरात एक नेम होता. घायाळ जनावर सुटलं तर दुसऱ्या दिवशी शेतीचं काम बंद. रक्ताच्या मागावर जायचं, सापडेतो. एकदा पेरणीचा वाफसा गेला तरी गेले होते. तिसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीत सापडलं, तेव्हा परत आले आणि मग पेरणी केली. उशिरा पेरलेलं भात त्या वर्षी पळींजच जास्त निघालं. कुणी त्यांना विचारायला येणार नव्हतं, वनखातंही नाही.

आता ती बंदूक माझ्या नावावर आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, सरकारजमा करून टाका, सौर झटक्याचं कुंपण घालून देतो. कुंपण घातलंय. बरं चालतं, गवत वाढून तारेला टेकलं की मात्र जोर जातो, आणि दोन खांब गव्यानं पाडलेत. मारणारा नाही, नुसता दणका देणारा झटका, म्हणून मला ते आवडतं. बंदूक मी गेल्या सहा वर्षांत एकदाही उडवलेली नाही. पण गेल्या आठवड्यात नूतनीकरणाचा अर्ज भरला. कारण ह्या रकान्यात "पीकसंरक्षण" लिहिलं. लिहिणाऱ्या पोरानं विचारलं, "सहा वर्षांत वापरली न्हाई तर मग कशाला, काका?" मी त्याला म्हटलं, खालच्या शेतकऱ्यानं तार ओढायची भाषा काढली की मी त्याला सांगतो, थांब, परवानगी काढू, मी येऊन बसतो. दोनदा बसलोय. दोन्ही वेळा डुक्कर आलं नाही, आणि दोन्ही वेळा त्यानं तार ओढली नाही.